शेती-कारखान्यांच्या टाकाऊ मालावर कंपनी काढायची आहे. बायोगॅस-खत विकावं, कचरा उचलायचे पैसे घ्यावेत, की दुसऱ्याचा प्लांट चालवून द्यावा?

माल कोणाच्या हातात आहे, यावर ते ठरतं. मालाचा करार कागदावर नसेल तर या तिन्हींत काही अर्थ नाही. हे मी 2019 पासून आमच्या दाजींना सांगतोय.

ऑक्टोबर 2018 मध्ये 'सतत' योजना आली (शुद्ध करून दाबानं भरलेला बायोगॅस तेल कंपन्यांनी विकत घेण्याची केंद्र सरकारची योजना), गॅसला किलोला 46 रुपये भाव निघाला आणि दाजींनी वहीत हिशेब मांडला. कच्चा माल: शून्य. कारण साखर कारखान्याच्या प्रेसमडला, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाला, तेव्हा कोणी विचारत नव्हतं, भरणावळ दिली की ट्रॉली आपली. मी म्हटलं, लिहून घेऊ. दाजी म्हणाले, "घाणीचा कसला करार? उचलतोय म्हणून तेच आपले उपकार मानतील."

टनभर गॅसला साधारण 25 टन प्रेसमड लागतो. तिसऱ्या हंगामात गेटवर आणखी दोन गिऱ्हाईकं उभी राहिली आणि टनाला 400 रुपये दर झाला. म्हणजे 46 हजारांच्या गॅसमागे 10 हजार नुसत्या मालाचे. वाहतूक, वीज, बँकेचा हप्ता वेगळाच.

शिवाय गाळप मार्चच्या आसपास आटोपतं, डायजेस्टरला, म्हणजे माल कुजवून गॅस करणाऱ्या बंद टाकीला, मात्र बारा महिने खायला लागतं. आम्ही ढीग मारून ठेवला. मे महिन्यात त्यात हात घातला की चटका बसायचा. आत पांढरी बुरशी, पहाटे ताडपत्रीच्या कडेनं वाफा. ज्याचा गॅस व्हायचा तेच ढिगात कुजून संपत होतं. जूनमध्ये तेवढ्याच मालातून निम्मा गॅस निघेना. त्या पावसाळ्यात बहिणीचे दागिने बँकेत गेले.

दाजी अजून म्हणतात, नशीब. नशीब कसलं? इंदूरला रोज 550 टन ओला कचरा घेणारा प्लांट फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला. तिथली कंपनी कचरा घेण्याचे पैसे मागत नाही, उलट महापालिकेला वर्षाला अडीच कोटी देते, कारण घराघरांत वेगळा केलेला माल मिळतो. आणि निम्मा गॅस शहराच्या बसगाड्यांसाठी आधीच ठरलेला. माल बांधलेला, गिऱ्हाईकही बांधलेलं.

तेव्हा माल तुमचा नसेल तर ज्याचा आहे त्याचाच प्लांट टनामागे दर ठरवून चालवा. उचलण्याचे पैसे फक्त तिथेच मिळतात जिथे कचरा ठेवून घेण्याची सोयच नाही, म्हणजे हॉटेलं, भाजी मंडई. खताचं उत्पन्न पहिली दोन वर्षं हिशेबात धरूच नका. स्लरीची, म्हणजे गॅस काढून उरलेल्या खताची, पहिली ट्रॉली शेतकरी फुकट असेल तरच टाकून घेतो, पीक बघून मग दराचं बोलतो.

स्वतःचा मोठा गोठा किंवा पोल्ट्री असेल तर मात्र यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही, सरळ गॅस विका.

आमचा प्लांट गेल्या दिवाळीपासून कारखान्यासाठीच टनाच्या दरानं चालतो. करार दहा वर्षांचा आहे. त्यावर दाजींचीही सही आहे.