सोयरीक झाली की लढाई थांबायची का?

प्रश्न: युरोपातले जुने राजे एकमेकांच्या घरात मुली द्यायचे, त्याने खरंच लढाया थांबायच्या का?

उत्तर: थांबायच्या, पण फार काळ नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीचंच घर बघा ना, एक मुलगी जर्मनीतल्या सॅक्सनीच्या ड्यूकला (म्हणजे तिथल्या मोठ्या सरदाराला), एक आजच्या स्पेनमधल्या कॅस्टीलच्या राजाला आणि धाकटी जोन तर पार सिसिलीला दिली. सॅक्सनीच्या जावयाला जर्मन सम्राटाने 1182 मध्ये देशाबाहेर घालवलं तेव्हा तो बायकोपोरांसकट सासऱ्याच्याच आश्रयाला आला, एवढा त्या नात्याचा आधार. नंतर 1200 मध्ये इंग्लंड-फ्रान्सचा तह करायचा ठरला, तर हेन्रीची विधवा एलिनॉर, वय पंचाहत्तरीच्या आसपास, ती भर थंडीत स्वतः कॅस्टीलला गेली, नात ब्लांशला घेऊन आली आणि फ्रान्सच्या युवराज लुईशी तिचं लग्न लागलं. पोरगी जेमतेम 12 वर्षांची हो, मला वाचतानाच कसंतरी होतं. आणि 1216 मध्ये हाच लुई बायकोच्या नात्याने इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगत फौज घेऊन तिथे उतरला! पुढे नवरा वारल्यावर ब्लांशनेच लहान मुलाच्या नावाने फ्रान्सचा कारभार बघितला, आणि बंडखोर सरदारांना पुरून उरली.