रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करायची का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही निपाणीचे. दोन वर्षांमागं ह्यांना अटॅक आला, बेळगावला नेऊन स्टेंट टाकला, तेव्हापासून रोज रात्री कोलेस्टेरॉलची गोळी अॅटोरव्हास्टॅटिन चालू होती. गेल्या महिन्यात एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, 66 आलं, आधी 168 होतं, तर हे म्हणाले नॉर्मल झालंय आता गोळी कशाला, आणि पोटऱ्या पण दुखतात, वर शेजारचे म्हणतात ह्या गोळीनं लिव्हर जातं. पंधरा दिवस झाले, पाकीट फ्रिजवर तसंच पडलंय. काय करू?

उत्तर : वहिनी, आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि गोळी बंद केलीय हे स्पष्ट सांगा. 66 आलंय ते गोळीमुळेच. कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं, स्टॅटिन, म्हणजे ह्या जातीची गोळी, तिथलं ते काम कमी करते आणि लिव्हर मग रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं, गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा परत वर जातो, आणि स्टेंट असलेल्या माणसाला ते अजिबात परवडणारं नाही. 1994 साली 4444 हृदयरुग्णांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात ह्याच जातीची सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांचे मृत्यू साधारण 30 टक्क्यांनी कमी झाले होते.

आता पोटऱ्यांचं. नीट बघा, बसल्याजागी दुखतात का चालताना? थोडं चाललं की पोटरी धरते आणि थांबलं की सुटते असं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असू शकतात, आणि तसं निघालं तर हीच गोळी जास्त गरजेची. तुमच्याकडं तंबाखूचा भाग, ते बिडी ओढत असतील किंवा तंबाखू खात असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. गोळीचं दुखणं बहुतेक दोन्ही बाजूंना येतं, मांड्या खांदे जड होतात, तसं असेल तर रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढतं ते) तपासून डोस कमी करता येतो नाहीतर गोळी बदलता येते. पण लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

लिव्हरला खरा धोका फार क्वचित होतो, शंका असेल तर साधी रक्ततपासणी होते.

आणि अॅटोरव्हास्टॅटिन रात्रीच घ्यावी असं काही नाही. डॉक्टरांनी परत सुरू करायला सांगितलं की पाकीट फ्रिजवरून काढा आणि सकाळच्या बीपीच्या गोळीशेजारी ठेवा, विसरणं होणार नाही.