गल्लीतली मयताची वही

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. मी वडगावचा. घरचे चार माग होते, आता दोनच चालतात. गल्लीतल्या पंचमंडळींत बावीस वर्षं मयताची वही मी लिहितो. कोण गेलं, कशानं गेलं, मंडळाकडनं किती दिले. परवा वही चाळताना ध्यानात आलं, पहिल्या अकरा वर्षांत ‘वारं जाऊन’, म्हणजे लकव्यानं, गेलेले चार, नंतरच्या अकरा वर्षांत नऊ. त्यात एक माझा धाकटा भाऊ, वय ५१. पेपरात मात्र वाचतो की लकव्यानं मरायचं प्रमाण कमी होतंय. मग आमची वही खोटी का पेपर खोटा?
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : भावाचं वाचलं आणि तुमचं पत्र थोडा वेळ बाजूलाच ठेवलं. ५१ हे काय जायचं वय आहे?

तुमची वही खरी आहे आणि पेपरही खरा आहे. तुम्ही माणसं मोजलीत. पेपरातला आकडा बहुतेक वेळा वयाचा हिशेब धरून काढलेला असतो. सगळ्या जगाचं १९९० ते २०१९ या काळातलं चित्र असंच आहे. पक्षाघातानं, म्हणजे वारं जाऊन, जाणाऱ्यांची संख्या ४३ टक्क्यांनी वाढली, आणि वयाचा फरक काढून टाकल्यावर उरणारा मृत्युदर त्याच काळात ३६ टक्क्यांनी उतरला. एकट्या २०१९ साली जगात सुमारे ६५ लाख माणसं यानं गेली.

हे एकाच वेळी कसं घडतं, ते एका वॉर्डावरनं सांगते. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. पूर्वी त्या वॉर्डात साठी ओलांडलेले एक हजार होते आणि वर्षाला हजारी सहा जण वारं जाऊन जायचे. म्हणजे सहा मयत. आज साठीपुढचे दोन हजार झालेत आणि धोका हजारी साडेचारवर आलाय. म्हणजे नऊ मयत. धोका पाव हिश्श्यानं कमी झाला तरी तिरड्या सहाच्या नऊ झाल्या. सकाळी तुमच्या कट्ट्यावर उन्हाला बसणारे म्हातारे बावीस वर्षांपूर्वी किती होते आणि आज किती, हे तुम्ही माझ्यापेक्षा बरं सांगाल.

पण या हिशेबात तुमचा भाऊ बसत नाही. म्हणून वहीत नावापुढं वय लिहायला लागा, आणि जुन्या नोंदींतलं आठवेल तेवढं भरून काढा. नऊपैकी साठीच्या आतले तीन-चार निघाले, तर तुमच्या गल्लीपुरतं तरी म्हातारे वाढले हे कारण पुरणार नाही.

आता थोडं आपल्या भागाबद्दल. आपल्याकडं मृत्यूची नोंद माणूस जिथं राहतो तिथं होत नाही, जिथं मरतो तिथं होते. चंदगडचा पेशंट बेळगावात दवाखान्यात गेला तर नोंद इथं, कर्नाटकात. तुमच्या वडगावचा मिरजेला किंवा कोल्हापूरला नेलेला तिथं गेला तर नोंद महाराष्ट्रात. खानापूर, चंदगड, गडहिंग्लजकडची अवघड दुखणी बेळगावला येतात आणि बेळगावची त्याहून अवघड दुखणी पुढं जातात. अशा शहरातल्या नोंदींवरून ‘इथं पक्षाघाताचे मृत्यू वाढले’ असं कोणी म्हणालं, तर मी आधी विचारते : हे मेलेले राहणारे कुठले होते? नवा मोठा दवाखाना उघडला तरी शहराचा आकडा चढतो, आणि तेव्हा रोग वाढलेला असेलच असं नाही. तुमच्या वहीत ही चूक नाही, कारण माणूस मिरजेत जाऊ दे नाहीतर गोव्यात, वहीत तो तुमच्या गल्लीचाच.

यापुढचं लिहिताना जड जातंय, कारण यात माझाही हात आहे. मी १९८६ पासून बेळगावात प्रॅक्टिस केली. शहापूरची एक बाई वारं गेल्यावर चार महिने अंथरुणाला खिळून होती. डावी बाजू पूर्ण गेलेली, गिळताना ठसका लागायचा, शेवटी न्यूमोनिया झाला आणि गेली. संध्याकाळी ओपीडीच्या गर्दीत तिचा मुलगा मृत्यूचं कारण लिहायचा फॉर्म घेऊन आला. मी उभ्या उभ्या लिहिलं, ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी फेल्युअर’. म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला. अहो, तो मेलेल्या प्रत्येक माणसाचा बंद पडतो! मृत्यू कसा आला ते लिहू नका, कोणत्या आजारानं आला ते लिहा, असं त्याच फॉर्मवर छापलेलं असतं. पहिल्या ओळीत न्यूमोनिया आणि त्याखाली, मूळ कारणाच्या जागी, पक्षाघात लिहायला हवा होता. मी तो लिहिला नाही म्हणून सरकारी हिशेबात ती बाई पक्षाघातानं गेलीच नाही. असे किती दाखले माझ्या हातून गेले, ते आता मोजता येणार नाहीत.

देशात २०२० साली नोंद झालेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण लिहून दिलेले मृत्यू शंभरात बावीसच्या आसपास होते. बाकीच्यांत बरेच घरी गेलेले, किंवा ‘आता घरी न्या’ म्हटल्यावर घरी आणून गेलेले. शिवाय मी सुरुवात केली तेव्हा सीटी स्कॅन आमच्या हाताशी नव्हता. झोपेत अचानक गेला की ‘हार्ट अटॅक’ म्हणून सोडून द्यायचे. पुढं स्कॅन आले आणि जे आधी दिसत नव्हतं ते दिसायला लागलं. कागदावरच्या वाढीत याचाही वाटा असतो.

जिथं प्रमाण खरोखर उतरलं तिथं काय झालं, तेही सांगते. जपानात १९५१ पासून १९८० पर्यंत मरणाचं पहिलं कारण पक्षाघात होतं. उत्तरेकडच्या अकिता भागात तर घरोघरी खारवलेली भाजी, खारवलेली मासळी, आणि रक्तदाब आभाळाला. गावोगाव रक्तदाब मोजले, मीठ कमी करायला लावलं, गोळ्या सुरू केल्या. १९८१ साली पक्षाघात पहिल्या जागेवरून खाली आला आणि उतरतच गेला. आपली खारातली मिरची, सांडगे, पापड, ताटाच्या कडेला वाढलेलं मीठ, हे सगळं मला तेव्हा डोळ्यांपुढं येतं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर मीठ पुरतं.

आणि गोळी. वरचा रक्तदाब दहानं उतरला तर पक्षाघाताचा धोका साधारण पाव हिश्श्यानं कमी होतो. शनिवार खुटावरचे एक दुकानदार मला पाकीट दाखवायचे. दहाच्या पट्टीतल्या तीन गोळ्या फोडलेल्या, सात तशाच, आणि मागची तारीख तीन महिन्यांपूर्वीची. ‘डोकं जड वाटलं की घेतो’ म्हणायचे. रक्तदाबाला डोकं जड व्हावंच लागतं असं नाही, तो आवाज न करता चढतो. मशीनवर आकडा नॉर्मल दिसतो तो गोळीमुळं दिसतो, म्हणून ती आपल्या मनानं बंद करायची नसते. सोबत निपाणीची बिडी असेल तर धोका जवळजवळ दुप्पट.

वहीत वयाशेजारी आणखी दोन रकाने आखा. बीपी आहे हे माहीत होतं का आणि गोळी चालू होती का, हा एक. वारं गेल्यापासून दवाखान्यात पोचायला किती तास लागले, हा दुसरा. भावाचे दोन्ही रकाने भरताना हात थांबेल, तरी भरा. आणि पुढच्या बैठकीला गल्लीत बीपीचं मशीन ठेवायचा विषय घ्या. शिबिरापुरतं नको, कायमचं. तुमच्या मंडळाला ते सहज झेपेल.

प्रश्न : आमच्या गावात वारं गेलं की आधी पारव्याचं रक्त चोळतात, मग झाडपाल्याच्या औषधाला नेतात. काहींना गुणही येतो. आजोबांना तसं झालं तर मी आधी काय करू?
– एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर : गुण दिसतो तो बऱ्याचदा आपोआप आलेला असतो, बाळ. काही झटके थोड्या वेळात उतरतात, आणि ते पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असतात. बाकीच्यांची शक्तीही पहिल्या काही आठवड्यांत थोडीफार परत येते. श्रेय पारव्याला जातं आणि वेळ हातची जाते.

तोंड वाकडं, एक हात खाली पडतोय, बोबडी वळलीय, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघ. आजोबा शेवटचे धड कधी दिसले होते, ती वेळ लिहून ठेव. रात्री दहाला नीट झोपले आणि सकाळी सहाला असे दिसले, तर वेळ रात्री दहापासून धरायची. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी गुठळी नळीनं काढणं निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत जमतं, पण तेवढी वाट बघू नको. पाणी पाजू नको, ठसका लागून फुप्फुसात जातं. घरातली रक्त पातळ करायची गोळीही देऊ नको, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय मलासुद्धा सांगता येत नाही.

जांबोटी-कणकुंबीकडचं गाव असेल तर १०८ ला फोन लावतानाच शेजारची गाडीही काढून ठेव. वाटेत छोट्या दवाखान्यात सलाईन लावायला थांबू नका. गाडीतनंच बेळगावच्या दवाखान्याला फोन कर आणि विचार : सीटी आत्ता चालू आहे का, आणि ते इंजेक्शन आत्ता मिळेल का?