हातावरची होडी पुसू का?

प्रश्न : कॉलेजात असताना बाबांच्या होडीचा टॅटू हातावर काढून घेतला होता. आता बाबा नाहीत, होडीही विकली. रेषा पसरल्यात, काळा रंग निळसर झालाय. सासरचे म्हणतात, लेझरने काढून टाक. काय करू? – एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, मी मालवणात टॅटू काढते, तेव्हा स्पष्ट सांगते. तुमची होडी बिघडलेली नाही. शाई कातडीच्या आतल्या थरात असते. तिथल्या संरक्षक पेशी तिचे कण गिळून धरून ठेवतात; पेशी मेली की नवी पेशी तेच कण उचलते. वर्षानुवर्षांत कण थोडे सरकतात, रेषा जाड दिसते. त्यात आपल्या किनाऱ्यावरचं ऊन. माझ्या आजीच्या हातावरचं गोंदलेलं तुळशीवृंदावनही असंच हिरवट झालं होतं, पण ते पुसायला तिला कुणी सांगितलं नाही.

लेझरने काळी शाई बऱ्यापैकी निघते, पण अनेक बैठका लागतात, मध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवून. सावळ्या कातडीवर डाग राहू शकतो. करायचंच ठरलं तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, पार्लरमध्ये नको.

मला विचाराल तर ठेवा. हात तुमचा, बाबा तुमचे. नाळ (होडीचं पुढचं टोक) आणि डोलकाठीच्या रेषा पुन्हा ओढून घेता येतात. होडीचा जुना फोटो सोबत न्या. जाळ्याची बारीक वीण असेल तर ती मात्र भरू नका, पुन्हा पसरेल. जखम भरेपर्यंत समुद्रात उतरू नका, मासळी धुणं दुसऱ्या कुणाकडे द्या.