मॅडमना सांगू कसं?

प्रिय ताई,

मी 4 वर्षं बिलिंगमध्ये आहे. आमच्याच कंपनीच्या प्लॅनिंग विभागात एक जागा निघाली आहे. ते काम मला मनापासून करावंसं वाटतं. तिथले सर लिफ्टमध्ये भेटले तेव्हा ‘ये की आमच्याकडे’ असंही म्हणाले. पण माझ्या मॅडमनी मला बोट धरून शिकवलंय. त्यांच्यासमोर गेलं की शब्दच फुटत नाही. दोनदा केबिनपर्यंत जाऊन आले, दुसऱ्यांदा तर उगाच रजेचं विचारून परतले. शेवटी एक मेल लिहून ठेवलाय, तो सोबत पाठवते आहे. पाठवू का? अर्जाची मुदत 15 दिवसांवर आली आहे.

– कात्रीत सापडलेली

प्रिय कात्रीत सापडलेली,

नको पाठवूस. निदान हा मेल तरी नको.

मी तो दोनदा वाचला. पावणेदोन पानं आहेत. पहिल्या पानावर तू चार वेळा माफी मागितली आहेस आणि दुसऱ्या पानावर एकदम ‘इथे माझी वाढ खुंटली आहे’ असं लिहून मोकळी झाली आहेस. अगं, ज्या बाईने खतपाणी घातलं तिलाच वाढ खुंटल्याचं कळवतेस? तुझ्या मनात तसं काही नसेल, पण वाचणाऱ्याला ते तसंच लागणार. आणि त्या चार माफ्या वाचून मॅडमना वाटेल, हिने नक्की केलंय तरी काय! विभाग बदलून मागणं हा गुन्हा नाही. जागा कंपनीनेच काढली आहे आणि ती आतल्या लोकांसाठीच आहे.

ही गोष्ट समोर बसून बोलायची. मेल नंतर, झालेलं बोलणं नोंदवण्यापुरता, चार ओळींचा.

आता बोलायचं काय? तुझा सगळा जीव ‘त्यांना काय वाटेल’ यात अडकलाय. मी स्वतः काही वर्षं माणसं सांभाळली आहेत, म्हणून सांगते. हाताखालचं कुणी असं काही म्हणालं की पहिल्या क्षणी कृतज्ञता वगैरे आठवत नाही. आठवतं ते ‘बापरे, महिनाअखेर कोण काढणार?’ मेलमध्ये तूच लिहिलं आहेस की जुळवणीची ती मोठी एक्सेल फाइल तुझ्याशिवाय कुणाला उघडतासुद्धा येत नाही. तुला त्याचा थोडा अभिमानही आहे, ओळीओळीत दिसतो. पण आज तीच फाइल तुझ्या पायातली बेडी आहे. जिच्यावाचून अडतं, तिला सोडायला कोण तयार होईल?

म्हणून केबिनमध्ये जाण्याआधी अर्धं पान तयार कर. तुझ्याकडे कोणकोणती कामं आहेत, त्यातलं रोजचं कुठलं, महिनाअखेरचं कुठलं, कुठलं काम कोण उचलू शकेल, त्याला शिकवायला किती दिवस लागतील. त्या फाइलच्या पायऱ्या आजपासूनच लिहून काढायला घे. बदली झाली नाही तरी ते काम वाया जाणार नाही. रजेवर असताना तुला फोन तरी येणार नाहीत.

मग वेळ मागून घे. ‘मॅडम, माझ्या पुढच्या कामाबद्दल बोलायचंय, वीस मिनिटं हवी आहेत,’ एवढं पुरे. महिनाअखेरच्या आठवड्यात जाऊ नकोस आणि जाता जाता दारात उभं राहूनही बोलू नकोस. बसलीस की पहिल्या दोन वाक्यांत मुद्द्यावर ये: ‘प्लॅनिंगमध्ये जागा निघाली आहे आणि मला अर्ज करायचाय. इथे जे शिकले त्याच्याच जोरावर हे धाडस करते आहे, आणि इथलं काम अर्धवट टाकून मी जाणार नाही.’ मग ते अर्धं पान पुढे ठेव. नंतर गप्प बस. हे सगळ्यात अवघड, कारण शांतता पसरली की आपण घाईघाईने ‘म्हणजे तुम्हाला चालत नसेल तर राहू दे’ असं बोलून बसतो.

पण त्याआधी एचआरकडून नियम बघून घे. आहे त्या जागी किमान वर्ष-दीड वर्ष झालेलं असावं, अशी अट बऱ्याच कंपन्यांत असते. त्यात तू बसतेसच. अर्जासाठी मॅनेजरची संमती लागते की नुसतं कळवायचं असतं, निवड झाल्यावर किती दिवसांत सोडतात, पगार तोच राहतो का, हे विचार. आणि वर्षाच्या मध्येच गेलीस तर मूल्यांकन कोण करणार? हा प्रश्न हमखास राहून जातो, मग जुने साहेब म्हणतात ती माझ्याकडे नाही आणि नवे म्हणतात मी तिला चारच महिने पाहिलंय. म्हणून निघण्याआधी मॅडमचा अभिप्राय लेखी घेऊन ठेव.

आणि त्या लिफ्टमधल्या सरांमुळे घाई कर. त्यांनी गमतीत म्हटलं असेल, पण तीच गंमत ते उद्या मॅडमसमोरही करतील. माझं असंच झालं होतं. मी दुसऱ्या विभागात बोलून आले आणि ‘योग्य वेळ’ शोधत बसले. चौथ्या दिवशी माझ्या साहेबांना एका मीटिंगमध्ये तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्यांनी बदली अडवली नाही, सहीसुद्धा लगेच केली. पण कागद माझ्याकडे सरकवताना ‘मला सांगितलं असतं तर चाललं असतं’ म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता. ते अजून टोचतं.

मॅडम ‘बघू’ म्हणाल्या तर? ‘बघू’ला तारीख लाव. ‘या वेळी जमणार नसेल तर केव्हा जमेल? तोपर्यंत मी काय पूर्ण करून देऊ?’ असं विचार आणि त्यांनी जे सांगितलं ते त्याच दिवशी त्या चार ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठव. ठरलेली तारीख दोनदा टळली तर एचआरकडे जायला संकोच करू नकोस, मात्र जाण्याआधी मॅडमना सांगून जा. राजीनाम्याची भाषा तर अजिबात नको. नकार मिळाला तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्याच टीममध्ये बसायचंय.

त्या दुखावल्या तर दुखावू देत. आठ दिवस थोडं तुटक बोलतील, कदाचित त्याहूनही जास्त. ते तुला थांबवता येणार नाही आणि त्यासाठी मेलात पाचवी माफीही घालायला नको.

आणि हो, ती उगाच मागितलेली रजा मंजूर झाली असेल तर अर्जाच्या शेवटच्या दिवशीच येत नाही ना, तेवढं कॅलेंडर बघून घे.

– तुझी ताई