सावंतवाडीत पहिल्यांदा येताय ना?

गोव्याला जाता-जाता तासभर थांबू, असं करू नका. एक मुक्काम ठेवाच. रेल्वे स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, रिक्षाचं भाडं आधी ठरवा.

सकाळी राजवाडा बघा. तिथे गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, हाताने रंगवणारे कारागीर बसतात. दशावतारी गंजिफेत पत्त्यांचे 10 गट, 120 गोल पानं. कुंचल्याचं बारीक टोक मत्स्यावतारावर कसं फिरतं, ते शांत उभं राहून बघा. घाई नको.

नवखे हमखास चुकतात ते दुपारी. जेवणानंतर बाजार झोपतो, म्हणून चितारआळीत लाकडी फळं, खेळणी घ्यायला संध्याकाळीच जा. मग मोती तलावाला एक फेरी मारा, सगळं गाव तिथेच भेटतं. आंबोली पुढच्या खेपेला.