नव्व्याण्णव टक्के रंग गेला, पण गेला कुठे?
वाचकांचे प्रश्न : एम.एस्सी. रसायनशास्त्र

प्रश्न : केळीच्या सालीच्या भुकटीने पाण्यातला मेथिलीन ब्लू (एक निळा रंग) काढायचा प्रकल्प घेतला आहे. ५० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या १०० मिलि द्रावणात १ ग्रॅम भुकटी घालतो, दोन तास शेकरवर ठेवतो, फिल्टर पेपरने गाळतो आणि पाण्यात किती रंग उरला याचं स्पेक्ट्रोफोटोमीटरवर रीडिंग घेतो. दरवेळी ९९ टक्क्यांच्या वरच येतं. गाईड सर म्हणतात, एक्स्टर्नलसमोर (बाहेरच्या परीक्षकासमोर) हे टिकणार नाही. चुकतंय काय?
— एम.एस्सी. भाग २, फैजपूर

उत्तर : सरांना शंका आली ते बरंच झालं. भुकटीच्या आधी फिल्टर पेपर तपासा. मेथिलीन ब्लू धनभारित रंग आहे आणि कागदातलं सेल्युलोज तो ओढून घेतं. २ मिलिग्रॅम प्रति लिटरचं द्रावण भुकटी न घालता नुसतंच गाळा आणि गाळण्याआधी व नंतर ६६४ नॅनोमीटरवर रीडिंग घ्या. कागद निळा झाला आणि खालचं द्रावण फिकं पडलं, तर तेवढा रंग आजवर सालीच्या नावावर लागत होता. कागद भिजेपर्यंतचे पहिले २० मिलि फेकून द्या, असं काही जण सुचवतात. पण इतक्या विरळ द्रावणात कागद लवकर संपृक्त होत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. सेंट्रिफ्यूज वापरा, ४००० आरपीएमला १० मिनिटं. काचही थोडा रंग धरते, म्हणून भुकटी नसलेला एक फ्लास्क शेवटपर्यंत सोबत चालवा.

दुसरी गफलत मात्रेची. तुमच्या १०० मिलिमध्ये रंग आहे फक्त ५ मिलिग्रॅम आणि त्यावर भुकटी १ ग्रॅम! साल ग्रॅमला ५० मिलिग्रॅम धरत असो की ८, उत्तर ९९ टक्केच येणार. टक्केवारी दिसायला छान, पण सालीची क्षमता त्यातून कळत नाही. भुकटी ०.१ ग्रॅमवर आणा आणि सुरुवातीची सांद्रता ५०, १००, २००, ३०० अशी चढवत न्या. मग सांद्रतेतला फरक गुणिले आकारमान (लिटरमध्ये) भागिले वजन, असं मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये उत्तर काढा. टक्के खाली येतील. येऊ द्या, आयसोथर्म (पाण्यात उरलेला रंग आणि सालीने धरलेला रंग यांचा एकाच तापमानाचा आलेख) त्यातूनच मिळतो.

कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या सांद्रतांवरून काढलेली मोजणीची रेषा) ०.५ ते ४ मिलिग्रॅम प्रति लिटरमध्येच ठेवा. त्यापुढे शोषणांक (द्रावण किती प्रकाश शोषतं तो आकडा) एकच्या वर जातो आणि रंगाचे रेणू जोडीने चिकटू लागतात, त्यामुळे रेषा वाकते. ५० चं द्रावण २० पट विरळ करूनच वाचायचं. बाटलीचं लेबलही पाहा : ट्रायहायड्रेटचा (पाण्याचे तीन रेणू असलेल्या क्षाराचा) रेणुभार ३७३.९, निर्जल क्षाराचा ३१९.९. हा फरक विसरलात तर सुरुवातीलाच १४ टक्क्यांची चूक. कोरडी साल पाण्यात तपकिरी रंग सोडते. धुवणाचं पाणी स्वच्छ येईपर्यंत भुकटी धुवा, ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि भुकटी-अधिक-पाणी असा रंग नसलेला ब्लँकही (तुलनेचा नमुना) घ्या.

द्रावणं डिस्टिल्ड वॉटरमध्येच करा. रावेर-यावलकडच्या बोअरच्या कठीण (क्षारयुक्त) पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सालीवरच्या रंगाला लागणाऱ्या त्याच जागा अडवतात. तोच प्रयोग बोअरच्या पाण्यात वेगळा करून दोन आकडे शेजारी मांडलेत, तर प्रकल्पाला खरं वजन येईल. प्रत्येक बिंदूला तीन फ्लास्क घ्या, आणि वहीत ०.१ नव्हे, ०.०९८७ असं काट्यावर दिसलेलंच वजन लिहा. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

प्रश्न : एप्रिल लागला की सिलिका कॉलमला (मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या सिलिकाच्या नळीला) भेगा पडतात आणि रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली सॉल्व्हंट उडवून परत मिळवण्याचं यंत्र) डायक्लोरोमिथेनची वाफ थंड होऊन परत द्रव होतच नाही. काय करावं?
— भुसावळ

उत्तर : डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतं, आणि तुमच्याकडे दुपारी प्रयोगशाळेतच जवळपास तेवढं तापमान असतं. त्यात सिलिका भिजताना स्वतःची उष्णता सोडते. बुडबुडे येतात, तीच भेग. सिलिकाची स्लरी आधी बीकरमध्ये करून निववा, मगच ओता. जमेल तिथे एथिल अॅसिटेट आणि ६०–८० चं पेट्रोलियम ईथर वापरा, ४०–६० चं नको. कॉलम सकाळी सातला लावा आणि सॉल्व्हंटची पातळी सिलिकाच्या खाली जाऊ देऊ नका.

रोटाव्हॅपला गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी चालणार नाही. बादलीत बर्फाचं पाणी घ्या आणि कूलरच्या पंपाने फिरवा. बाथ ४०, वाफ २०, थंड पाणी शून्याच्या आसपास, असा हिशेब ठेवा. पंपाची वायर आणि प्लग पाण्यापासून लांब ठेवा.

आणखी एक. मिथेनॉल अंशाला साधारण ०.१२ टक्के फुगतं. ४० अंशांच्या खोलीत फ्लास्कच्या खुणेपर्यंत भरलेलं स्टँडर्ड (माहीत सांद्रतेचं द्रावण) २५ अंशांच्या एसी खोलीत नेलं, की आकसून सुमारे १.८ टक्के तीव्र होतं. स्टँडर्ड त्या एसी खोलीतच करा.

प्रश्न : कॉलेजात एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक दाबाखाली वेगळे करून मोजणारं यंत्र) डेमो झाला होता. अंकलेश्वरला क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणी विभागाच्या) मुलाखतीला जायचं आहे. सीव्हीत ‘एचपीएलसी येते’ लिहू का?
— शिरपूर

उत्तर : ‘प्रात्यक्षिक पाहिले’ असं लिहा. ‘येते’ लिहिलंत तर पुढच्या दोन प्रश्नांत उघडे पडाल. फॉस्फेट बफर चालवल्यावर मशीन कसं बंद करता? थेट शुद्ध अॅसिटोनायट्राइल सोडलं की क्षार आत बसतात आणि प्रेशर चढतं. म्हणून आधी क्षार नसलेलं पाणी आणि मिथेनॉल ९०:१०, मिनिटाला १ मिलिने अर्धा तास. मग मिथेनॉल वाढवत कॉलम भरून ठेवायचा. सहा इंजेक्शनांचा आरएसडी (आकड्यांमधली टक्केवारीतली तफावत) २ टक्क्यांवर गेला तर काय पाहाल? पंपातली हवा, फिटिंगची गळती, कुपीतली कमी पातळी, त्याच क्रमाने. ब्युरेट, पीएच मीटर आणि काटा यांवर मात्र खरा हात बसवा. फ्रेशरकडून प्रथम तेच करून घेतात.

प्रश्न : प्रबंधाची सिमिलॅरिटी (इतर लेखनाशी जुळणारा मजकूर) २२ टक्के आली आहे.
— नंदुरबार

उत्तर : यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० च्या वर ४० पर्यंत असेल, तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावं लागतं. संदर्भसूची मोजणीतून वगळली आहे का, ते आधी पाहा. उरलेलं साम्य बहुधा प्रस्तावनेत सापडेल. शब्द बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरला हात लावू नका, ते तांत्रिक संज्ञासुद्धा बदलून टाकतं. मूळ पेपर मिटवा, स्वतःच्या टिपणांवरून परिच्छेद नव्याने लिहा आणि संदर्भ त्याच वाक्याला द्या.